ऑर्पिंग्टन कोंबडी : रंग, ठेवण आणि प्रदर्शनाचे मानक

इंग्लंडच्या केंट परगण्यातील ऑर्पिंग्टन येथे विल्यम कुक या कुक्कुटपालकाने १८८६ मध्ये मिनॉर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या तीन जातींच्या संकरातून जी काळी कोंबडी तयार केली, तिच्यामागचा हेतू व्यवहाराचा होता : अंडी भरपूर मिळावीत, मांसाला चांगला भाव यावा आणि शहरी काजळीत पिसांवरचा मळ उठून दिसू नये. पुढे १८९४ मध्ये त्याने सोनेरी ऑर्पिंग्टन जगापुढे आणली. तिच्या पूर्वजांत डॉर्किंग, कोचीन आणि हॅम्बर्ग असल्याने काळीशी तिचे रक्ताचे नाते जवळजवळ नव्हते, आणि एकाच नावाखाली दोन वेगळी कुळे विकली जातात हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला.

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते प्रदर्शनाच्या मानकातून. मानक म्हणजे जातीच्या आदर्श पक्ष्याचे लिखित वर्णन, ज्याच्याशी ताडून परीक्षक समोरचा पक्षी तपासतो. पाठ आखूड व रुंद, छाती खोल, पाय आखूड आणि बाजूने पाहिल्यास मानेपासून शेपटीपर्यंत तुटक न होणारी गोलाई, ही ठेवण सर्व रंगांना सारखीच लागू असल्यामुळे भिन्न कुळांतील पक्षी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने एका साच्यात आले. अमेरिकेच्या मानकात सोनेरी रंगाला १९०२, काळ्याला व पांढऱ्याला १९०५ आणि निळ्याला १९२३ मध्ये मान्यता मिळाली; तेथे पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचे वजन १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, अपेक्षित आहे.

सोनेरी रंग वरवर सोपा वाटतो, पण जाणत्या पैदासकाराची कसोटी तोच पाहतो. परीक्षक पक्षी हातात घेऊन पाठीची पिसे उलट दिशेने सारतो आणि पिसाचे टोक, मधला दांडा व कातडीलगतचा मऊ लवेसारखा भाग वेगवेगळे न्याहाळतो. टोक सोनेरी असून बुडाशी पांढरटपणा किंवा राखाडी छटा निघाली, अथवा शेपटीत काळे पीस सापडले, तर गुण कापले जातात. कडक उन्हाने हा रंग फिका पडत असल्याने प्रदर्शनाचे पक्षी सावलीत ठेवावे लागतात.

निळ्या रंगाची अडचण निराळी असून ती कोणत्याही कौशल्याने सुटणारी नाही, कारण तिचे मूळ आनुवंशिकतेत आहे. काळा रंग सौम्य करणाऱ्या जनुकाची एकच प्रत मिळालेला पक्षी निळसर राखी होतो, तर दोन प्रती मिळालेल्याच्या पांढुरक्या अंगावर शिंतोडे उमटतात. म्हणून निळ्याशी निळा जुळवला, तर सरासरी निम्मीच पिल्ले निळी निघतात, उरलेल्यांत चौथाई काळी आणि चौथाई शिंतोड्यांची. सगळी पिल्ले निळी हवी असल्यास काळ्याची जोडी शिंतोड्याच्या पक्ष्याशी लावावी लागते, म्हणजे प्रदर्शनात निळ्यांच्या वर्गात न बसणारे दोन पक्षी जपावे लागतात. अँडलूशियन कोंबड्यांमधील हेच प्रमाण विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये बेटसन आणि पनेट यांच्या अभ्यासाचा विषय होते.

मात्र ठेवणीचे वेड जातीला महागही पडले. जोसेफ पार्टिंग्टन याने १८९१ मध्ये दाट, फुगीर पिसांचे काळे पक्षी प्रदर्शनात उतरवले आणि खरेदीदारांची नजर त्या भव्यतेवर खिळली. त्यानंतर पिसांचा भार वाढत गेला व अंडी देण्याची क्षमता मागे पडली. आजही दाट पिसांच्या पक्ष्यांत मीलन नीट होत नाही, म्हणून पैदासकार विणीच्या आधी गुदद्वाराभोवतीची पिसे कातरतात. बक्षिसासाठी वाढवलेली पिसे वंशवाढीसाठी कापावी लागणे, हा मानकाचा नव्हे, तर मानकाच्या एकाच कलमामागे धावणाऱ्यांचा दोष मानला पाहिजे. शरीर खरोखर रुंद असलेला पक्षी आणि केवळ पिसांनी रुंद भासणारा पक्षी यांतला फरक हाताला चटकन कळतो.

कुकचा मूळ हेतू टिकला तो ऑस्ट्रेलियात. तेथे गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनची निवड अंड्यांसाठी होत राहिली आणि त्यातून ऑस्ट्रालॉर्प ही स्वतंत्र जात घडली, जिच्या सहा कोंबड्यांनी १९२२-२३ च्या स्पर्धेत ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. परसातील कुक्कुटपालन करणाऱ्या मराठी वाचकांना ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प हे नाव परिचयाचे असेल; ती याच ऑर्पिंग्टनची, पिसांचा सोस न केलेली शाखा आहे.