धूर, अग्नी आणि हेरल्डचा कंडेन्सर

(नाशिक रोड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय वाचून आपण चुकीच्या सभागृहात आलो की काय, असं काहींना वाटलं असेल. तसं नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज एका जुन्या मोटारीबद्दल बोलणार आहे. गाडीच्या बाबतीत मी शुद्ध हौशी. मिस्त्री नाही, इंजिनिअर नाही. पण गेली तीस वर्षं रविवारी सकाळी माझे हात काळे असतात, आणि त्या रविवारांनी मला जे शिकवलं त्यातलं बरंच काही मी वर्गात आधीच शिकवत होतो. फक्त मला ते कळलेलं नव्हतं.

आधी गाडीची ओळख. स्टँडर्ड हेरल्ड, 1967 चं मॉडेल, दोन दारांची, इंजिन 948 सीसी. 1994 साली देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरून घेतली. मूळची ही इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, 1959 ची. आराखडा मिकेलॉत्ती या इटालियन माणसाचा. आपल्याकडे मद्रासला 1961 पासून बनायला लागली. आता तुम्ही म्हणाल, ही कसली स्पोर्ट्स कार? ही तर घरगुती गाडी. मान्य. पण याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर काढली, आणि ती जगभर स्पोर्ट्स कार म्हणून गाजली. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा आडवा पाटा तोच, इंजिन त्याच घराण्यातलं. ज्यांना स्पिटफायर कधीच परवडणार नव्हती, त्यांच्यासाठी आपल्याकडे ही तिची सख्खी बहीण होती. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथेही हेरल्ड पळायच्या. गाडीचं नाक अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. आणि वळते किती, तर 25 फुटांच्या वर्तुळात. बिटको चौकात हा गुण अजूनही उपयोगी पडतो. (हशा)

आता धुराकडे येऊ. न्यायशास्त्राच्या पहिल्या तासाला जे उदाहरण येतं ते धुराचं. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे अग्नी आहे. तर्कसंग्रह शिकवताना हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, गणती नाही. मुलं कंटाळायची. त्यांना सांगायला हवं होतं की गॅरेजमध्ये जा, तिथे दिवसभर हेच चालतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय म्हणजे ऑइल जळतंय. काळा येतोय म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा चोक अडकलाय. पांढरा दाट धूर, तोही गाडी गरम झाल्यावर आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असताना, म्हणजे हेड गॅस्केट बघा.

पण नैयायिक इथे थांबत नाही. तो विचारतो, ही व्याप्ती बिनशर्त आहे का? धूर असेल तिथे अग्नी असतोच, हे खरं. उलट मात्र खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीला धूर केव्हा? जळण ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. डिसेंबरात, निफाडला पारा खाली गेलेला असतो तेव्हा, नाशिक रोडला सकाळी कोणतीही गाडी चालू करा, पांढरी वाफ दिसणारच. त्यावरून गॅस्केट गेलं असं ठरवून हेड उघडणारे हौशी मी पाहिले आहेत. थंडी ही तिथली उपाधी. पाच मिनिटं थांबला असता तर हेड उघडावं लागलं नसतं.

आता मूळ गोष्ट सांगतो. तीत माझी चूक आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. आम्ही दोघं मुंबईहून परत येत होतो. कसारा घाट अर्धा चढल्यावर गाडीने मिसिंग करायला सुरुवात केली, दोन आचके दिले आणि बंद. उन्हाचा तडाखा, मागे ट्रकची रांग. सौ. शांतपणे छत्री उघडून कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्यांना सवय आहे. मी नाक उलटलं. पेट्रोल पंपाला हात लावला तर चटका बसला. निदान तयार! पेट्रोलची वाफ झाली. मिस्त्री लोक म्हणतात, एअर घेतली.

हे निदान वेडगळ नव्हतं, हे लक्षात घ्या. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं असतं, 20 टक्क्यांपर्यंत. हेरल्डचा पंप इंजिनच्या अंगालाच चिकटलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. वाफ झाली की पंप द्रव ओढायचा सोडून वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पुस्तकात आहे, अनुभवात आहे. मी फडकं ओलं करून पंपावर ठेवलं. पंधरा मिनिटांनी गाडी चालू. घरापर्यंत आलो.

त्या उन्हाळ्यात हे आणखी तीनदा झालं. तिन्ही वेळा ओलं फडकं, तिन्ही वेळा गाडी चालू. आणि आता या कथेत आणखी एक माणूस येतो. घाटातल्या त्या प्रसंगाच्या तीनच आठवडे आधी मी पंप एका मिस्त्रींकडून दुरुस्त करून घेतला होता. जेल रोड भागातले, वयाने माझ्याएवढेच, माझ्या गाडीवर वीस वर्षं हात फिरवलेले. पंपात नवीन किट घातलं होतं, म्हणजे नवा पडदा, नवे व्हॉल्व्ह. आधी गाडी घाटात कधी बंद पडली नव्हती, पंपाला हात लागला आणि पडायला लागली. निष्कर्ष उघड होता. किट डुप्लिकेट होतं.

मी त्यांना तसं बोललो. ते म्हणाले, "सर, बंद पडली की लगेच बघा, पंपात पेट्रोल आहे का. गार झाल्यावर नका बघू." मला ती सबब वाटली. मी तिथे जाणं सोडलं. आणि एवढ्यावर थांबलो नाही. जुन्या गाड्यांवाले आम्ही काही लोक महिन्यातून एकदा भेटतो, तिथे मी चारचौघांत सांगितलं की तिकडे पंप देऊ नका. प्राध्यापकाचा शब्द! दोघांनी ऐकला.

दुसरीकडून दुसरा पंप बसवला, पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्रा लावला. खर्च झाला. पावसाळ्यात त्रास जवळजवळ गेला. मी खूश. आणि डिसेंबरात, संध्याकाळी सात वाजता, अंगात स्वेटर असताना, सिन्नर फाट्यावर गाडी तशीच बंद पडली. तेच आचके, तसंच मरण.

थंडीत पेट्रोलची वाफ? ज्याला आपण व्यतिरेक-व्यभिचार म्हणतो तो हाच. जे कारण मी मानत होतो ते गैरहजर, आणि कार्य हजर. अशी एक घटना शंभर ओल्या फडक्यांवर भारी पडते. तेव्हा कुठे मला स्वतःच शिकवलेलं आठवलं. न्यायसूत्रांत संशयाचं लक्षण आहे. संधिप्रकाशात काहीतरी उंच उभं दिसतं. खांब की माणूस? उंची दोघांनाही असते. तो साधारण धर्म, दोघांत समान. उंचीकडे कितीही टक लावून बघा, संशय फिटणार नाही. विशेष धर्म शोधावा लागतो. हात आहेत का? पोकळी आहे का?

'गरम झाली की बंद, गार झाली की चालू' हा माझ्या गाडीचा साधारण धर्म होता. पेट्रोलची वाफ झाली तरी असंच होतं. कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देत असेल तरी अगदी असंच होतं. आणि ओलं फडकं? फडक्याने पंप गार होत होता, पण त्या पंधरा मिनिटांत सगळं इंजिनच गार होत होतं. नुसता थांबलो असतो तरी गाडी चालू झाली असती. नुसतं थांबून मी कधी बघितलंच नव्हतं. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होतं, असं होत नाही हो. आपण माणसांच्या औषधांबाबतही हीच गफलत करतो, पण तो विषय वेगळा.

मग विशेष धर्म कुठे? तो फक्त गाडी बंद पडल्या क्षणी दिसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. नेमक्या त्याच दहा मिनिटांत आपल्याला घरी जायची घाई असते. म्हणून ही क्रिया नीट ऐकून ठेवा, जुनी गाडी असणाऱ्यांनी तर नक्कीच. एक जास्तीचा प्लग जवळ ठेवायचा. गाडी बंद पडली की एका प्लगची वायर काढून या प्लगला लावायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवायचं, कार्बोरेटरपासून लांब, कारण तिथे पेट्रोलची वाफ असते. वायर हातात धरायची नाही. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. निळी, टणक ठिणगी दिसली तर करंट ठीक, पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडी ठिणगी, किंवा काहीच नाही, तर पंपाला हात लावू नका. दुसरं, या पंपाला हाताने दाबायची छोटी दांडी असते. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरायची आणि दांडी दाबायची. पेट्रोलची सलग धार आली तर पंप निर्दोष. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोल सांडू द्यायचं नाही.

सिन्नर फाट्यावर मी हे केलं. बॅटरी सौ.नी धरली होती. ठिणगी पिवळी, जेमतेम. पेट्रोलची धार छान.

कंडेन्सर म्हणजे काय, थोडक्यात सांगतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये, ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या झटक्याने हजारो व्होल्टची ठिणगी तयार होते. प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडून सगळा जोर वाया जाऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो क्षणभर प्रवाह पोटात घेतो. आत पातळ वर्ख गुंडाळलेला असतो. खराब कंडेन्सरचा आतला जोड गरम झाल्यावर सुटतो, गार झाल्यावर परत लागतो. पॉइंट काळे पडून जळतात, ही आणखी एक खूण. मी पॉइंट पाहिले. काळे ठिक्कर होते.

डिकीत बिस्किटांचा एक डबा असतो, त्यात जुने सुटे भाग. त्यातला जुना कंडेन्सर लावला, पॉइंट घासले, फीलर गेजने 15 थाऊचं अंतर ठेवलं. गाडी गेली ती आजवर त्या कारणाने थांबलेली नाही.

आणि घरी आल्यावर वही काढली. मी वही ठेवतो, तारीखवार. पंप दुरुस्त होऊन आला त्याच दिवशीच्या नोंदीत, माझ्याच अक्षरात, खाली एक ओळ: "पॉइंट, कंडेन्सर नवीन टाकले." एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. त्यातली दुसऱ्याने केलेली मला आठवली, स्वतः केलेली आठवली नाही. शिवाय नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे मी गृहीतच धरलं होतं. नव्या भागाबद्दल एवढंच माहीत असतं की तो अजून तपासला गेलेला नाही. जुना निदान चाललेला असतो.

दुसऱ्या दिवशी जेल रोडला गेलो. सांगितलं सगळं. माफी मागितली. मिस्त्री म्हणाले, "कंडेन्सर आणलाय का? बघू." माझ्या माफीपेक्षा त्यांना त्याचंच कुतूहल. चालू गाडीच्या एक्झॉस्टजवळ चिमट्यात धरून त्यांनी तो तापवला, गाडीला लावला आणि पोरांना बोलावून ठिणगी दाखवली. तो कंडेन्सर आता त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. त्या दोन मित्रांना मी फोन केले. एक जण परत त्यांच्याकडे जायला लागला. दुसरा म्हणाला, "असेल हो, पण आता मला दुसरा माणूस सापडलाय." ते काही मला दुरुस्त करता आलं नाही.

एक गोष्ट राहिली. मी हे जे सांगितलं, स्वतः बघा, त्याच क्षणी बघा, ते सगळीकडे लागू नाही. हेरल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकांखाली ट्रनियन नावाचा आटे असलेला सांधा असतो. हँडबुक सांगतं, त्यात गिअर ऑइल घाला. आपल्याकडे सवयीने ग्रीस मारतात. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, वाळतं, ओल धरतं, आटे झिजतात, आणि एके दिवशी चाक गाडीखाली दुमडतं. इथे प्रत्यक्षाची वाट बघायची नसते. इथे शब्दप्रमाण. ज्यांनी गाडी बनवली ते या बाबतीत आप्त आहेत, त्यांचं मुकाट ऐकायचं. मी दर सहा महिन्यांनी ऑइल घालतो, ते बाहेर झिरपून जमिनीवर डाग पडतात आणि सौ. त्यावर रांगोळी काढतात. (हशा)

प्रश्न आहे? हां, विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवत नाही?)

चांगला प्रश्न. बरेच जण बसवतात आणि ते शहाणे आहेत. पॉइंट जळणं, अंतर बिघडणं ही कटकटच संपते. रोज वापरायची गाडी असेल तर जरूर बसवा. मी बसवलं नाही, कारण ते बिघडलं तर रस्त्यावर मला त्यात बघण्यासारखं काही उरणार नाही. डबी उघडत नाही. आणि बसवलंत तर जुने पॉइंट, चालवून बघितलेला एक कंडेन्सर आणि फीलर गेज डिकीत ठेवा. काढलेले भाग भंगारात देऊ नका.