केनीची लाट

चक्रीवादळांना नावं द्यायची टूम काढणारा क्लेमंट रॅग, क्वीन्सलंडचा सरकारी हवामानतज्ज्ञ, ही एक वल्लीच होती. मर्जीतून उतरलेल्या राजकारण्यांची नावं तो खुशाल वादळांना देई. कधी पॉलिनेशियातल्या मुलींचीही. मार्च १८९९ मधल्या वादळाला त्याने ‘माहीना’ म्हटलं.

४ तारखेच्या रात्री ते केप यॉर्क द्वीपकल्पाच्या बॅथर्स्ट उपसागरात घुसलं. मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या गलबतांचा ताफा तिथेच नांगरून होता. तीनशेहून जास्त माणसं गेली; ऑस्ट्रेलियातलं हे सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ.

खरी रंगत आहे ती एका पोलिसाच्या आठवणीत. कॉन्स्टेबल केनी त्या रात्री बॅरो पॉइंटला मुक्कामाला होता. किनाऱ्यापासून अर्धा मैल आत, समुद्रापासून सुमारे ४० फूट उंच टेकाडावर. पहाटे वारा फिरला आणि त्या उंचीवर पाणी त्याच्या कमरेला लागलं! पुढे हिशेबनीसांनी टेकाडाची उंची आणि पाण्याची खोली यांवरून १३ मीटरचा आकडा काढला, आणि तो वादळी लाटेच्या उंचीचा जागतिक विक्रम म्हणून छापला जाऊ लागला.

शंभर वर्षांनी, २००० मध्ये, जोनाथन नॉट आणि मॅथ्यू हेन या संशोधकांनी केनीची उलटतपासणी घेतली. वादळाच्या केंद्रात वायुदाबमापकातला पारा २७ इंचांवर, म्हणजे ९१४ हेक्टोपास्कलवर उतरल्याचं तेव्हा मानलं जाई. तेवढ्या दाबाच्या गणितातून केनीच्या आकड्याच्या निम्मीही लाट उठेना, आणि किनाऱ्यावर एवढ्या उंचीवर गाळही सापडेना. पोलीस घाबरला असेल, अंधारात अंदाज चुकला असेल, अशी शंका घ्यायला जागा झाली.

पण ‘क्रेस्ट ऑफ द वेव्ह’ ही स्कूनर त्या वादळातून वाचली होती, आणि तिच्या कप्तानाच्या पत्रात पारा २६ इंच होता. एका इंचाने सगळं फिरलं. २६ इंच म्हणजे ८८० हेक्टोपास्कल, दक्षिण गोलार्धात कुठेही अधिकृतपणे नोंदवलेल्या दाबापेक्षा कमी. २०१४ मध्ये याच नॉटने सहकाऱ्यांसह नवं गणित मांडलं: वादळाने फुगलेला समुद्र आणि त्यावर उतारावरून वर धावणाऱ्या लाटा, दोन्ही एकत्र धरले तर केनीचा आकडा आवाक्यात येतो. म्हणजे १३ मीटर हे संथ पाण्याच्या पातळीचं माप नव्हे, पाणी कुठवर चढलं त्याचं आहे. विक्रमांच्या पुस्तकांना हा फरक नकोसा वाटतो.

बॅथर्स्ट उपसागराजवळ केप मेलव्हिलला असलेल्या या वादळाच्या स्मारकशिळेवर युरोपीय मृतांची नावं आहेत. जपानी, टोरेस सामुद्रधुनीतले आणि इतर खलाशी ‘तीनशेहून अधिक गौरेतर माणसं’ अशा घाऊक हिशेबात. टेकाडावर केनीसोबत मूलनिवासी शिपाईही होते. पाणी त्यांनाही लागलंच असणार, पण उंचीच्या या सगळ्या वादात साक्ष काढली जाते ती एकट्या केनीची.