वॉलनट स्ट्रीटचा निळा पूल

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात टेनेसी नदीवरचा हा पूल १८९१ मध्ये खुला झाला. आधीचा लष्करी पूल १८६७ च्या महापुरात वाहून गेल्यापासून पैलतीराला जायचे तर नावेचाच आधार होता. एडविन थॅचर या अभियंत्याने २,३७६ फूट, म्हणजे सुमारे ७२४ मीटर लांबीचा लोखंडी कैच्यांचा पूल आखला. कैचीचे सगळे बळ त्रिकोणात असते. चौकोनी सांगाडा भाराने कलंडतो, त्रिकोण आकार सोडत नाही. काही दांड्यांवर ताण येतो, काहींवर दाब, आणि वजन शेवटी दगडी खांबांवर उतरते.

पण या पुलाची ओळख एवढ्यावर संपवणे अन्यायाचे ठरेल. १८९३ मध्ये आल्फ्रेड ब्लाउंट या कृष्णवर्णीय माणसाला जमावाने इथे फाशी दिले. १९ मार्च १९०६ च्या रात्री एड जॉन्सनचा असाच बळी गेला. बलात्काराच्या आरोपावरून घाईने खटला चालवून त्याला मृत्युदंड सुनावला होता. नोआ पार्डन या कृष्णवर्णीय वकिलाने थेट सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली, तरी जमावाने तुरुंग फोडून जॉन्सनला पुलावर आणलेच. स्थगिती धुडकावल्याबद्दल न्यायालयाने शेरीफ जोसेफ शिप आणि इतरांवर स्वतः खटला चालवला व १९०९ मध्ये शिपला दोषी ठरवले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. पार्डन यांना मात्र शहर सोडावे लागले. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला २००० साल उजाडले.

१९७८ मध्ये पूल वाहनांसाठी बंद झाला आणि पाडण्याची भाषा सुरू झाली. नागरिक आडवे आले, पाडकामासाठीचा पैसा दुरुस्तीकडे वळला, लोकांनी देणग्या दिल्या. १९९३ मध्ये तो पादचाऱ्यांचा पूल झाला. त्यानंतर उत्तर काठावरच्या ओस पडू लागलेल्या वस्तीत दुकाने आणि उद्यान आले, नदीकाठ पुन्हा माणसांनी भरला.

दक्षिण टोकाशी २०२१ मध्ये जॉन्सनचे स्मारक झाले. पुतळ्यातला जॉन्सन पुलाकडे पाठ करून चालतो आहे, सोबत त्याचे वकील पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स आहेत. शहराने हे उशिरा केले, पण आडबाजूला न लपवता भर वाटेवर केले, याचे मोल मोठे आहे. चॅटनूगाला गेलात तर पूल दक्षिणेकडूनच चढा. आधी स्मारकापाशी थांबा, मग नदी पाहा.