जे वाजत नाही, ते आधी बघा

कोल्हापुरात गाडी गॅरेजला आणणारा माणूस काउंटरला टेकायच्या आधीच सांगतो, "मेस्त्री, आवाज यालाय बघा." कसला, ते तोंडानं काढून दाखवतो. कुणाची कटकट असते, कुणाची कुईं कुईं. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं ओठ मिटून असा घुमारा काढला की आतला पोरगा हातातला पाना ठेवून बघायला बाहेर आला. चाकाचं बेअरिंग गेलं होतं. गाडी बघायच्या आधीच मी जॉब कार्डावर तसं लिहून टाकलं आणि तेच निघालं.

जॉब कार्ड लिहायच्या कामात असे कलावंत मी पुष्कळ ऐकले. वाजणारा बिघाड गिऱ्हाईक स्वतःच घेऊन येतं. जिवावर बेतणारे बिघाड मात्र बहुतेक वेळा मुके असतात. ब्रेक ऑइल जुनं झालं म्हणून खडखडत नाही, टायर म्हातारा झाला म्हणून कण्हत नाही. आमचे हेडमेस्त्री नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचे, "वाजतंय ते गिऱ्हाईक सांगंल. न्हाई वाजत ते तू बघ."

अडचण अशी की हे गावच यंत्रांचं. शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आवाजात पिढ्या वाढल्या. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या यंत्रं घडवणाऱ्या जुन्या माणसांची नावं इथं आजही आदरानं घेतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. त्यामुळं येणारा प्रत्येक दुसरा माणूस निम्मा मेस्त्री असतो, निदान स्वतःला समजतो तरी. एका मोल्डरनं स्वतःच्या गाडीचा ब्रेकड्रम हातोडीनं वाजवून बघितला आणि "कास्टिंग एक नंबर हाय" असा निकाल दिला. कास्टिंग खरंच एक नंबर होतं. आतले ब्रेक शू तेवढे संपले होते.

थंड झाल्यावर शहाणे झालेले ब्रेक

गगनबावड्याहून करूळ घाट उतरणारी एक गाडी टोचन करून आमच्याकडे आली. मालक घामाघूम. "पेडल पार तळाला गेलं, ब्रेकच न्हाई." हेडमेस्त्रींनी पेडल दाबलं, तर ते दगडासारखं घट्ट. गाडी आवारात फिरवली, जागच्या जागी थांबली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्याला सगळे येडं समजतील, ही भीती घाटातल्या भीतीपेक्षा मोठी.

हेडमेस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडलं. आत काळ्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं. गाडी घेतल्यापासून ते बदललेलंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ते उकळतं आणि पाइपात वाफ होते. वाफ दबते, त्यामुळं पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पुरावा गायब.

"सतत ब्रेक का दाबावा लागला?" या प्रश्नाला मालकानं अभिमानानं उत्तर दिलं, "न्यूट्रलवर उतरत होतो. पेट्रोल वाचतंय की." वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गेअर टाकून उताराला ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनाचा ब्रेकही. इंजिन बंद करून उतरणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. दोन-तीनदा पेडल दाबलं की ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ट्रकवाल्यांचा जुना नियम साधा आहे: ज्या गेअरमध्ये घाट चढाल, त्याच गेअरमध्ये उतरा.

हेडमेस्त्रींना बर्था बेन्झचा किस्सा फार आवडायचा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे साधारण कोल्हापूर ते बेळगाव. तुंबलेली इंधनाची नळी तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरची सुरुवात ती. किस्सा संपवताना हेडमेस्त्री म्हणायचे, "चामड्याचं काम. ती कोल्हापुरात आली असती तर गाडी तासाभरात तयार!"

पूर आणि चावी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागांत कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर आमच्याकडे दोन जातींच्या गाड्या आल्या. एक, ज्यांचा स्टार्टर मालकानं "एकदा मारून बघितला". दुसरी, ज्यांचा नाही. पहिल्या जातीत सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनच्या वर अडकतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळं इंजिन उतरवावं लागतं. शिवाय असं नुकसान नेहमीच्या सर्वंकष विम्यात बहुधा बसत नाही, त्याला इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते.

दुसऱ्या जातीतली एक गाडी एका निवृत्त मुख्याध्यापकांची. पाणी गल्लीत शिरतानाच त्यांनी बॅटरीची तार काढली, स्टिअरिंगवर "चावी लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आणि चावी देव्हाऱ्यामागं लपवली. चिठ्ठी पाण्यात विरघळली. चावी मात्र चार दिवस शोधूनही मुलाला सापडली नाही, म्हणून इंजिन वाचलं. सीटा फेकाव्या लागल्या, वायरिंगचं काम निघालं; पण खोलून, धुऊन, ऑइल बदलून गाडी रस्त्यावर आली.

पुरातल्या काही गाड्या रंगून, अत्तर मारून जुन्या बाजारात जातात. हेडमेस्त्री अशा गाडीचं बोनेट उघडत नसत. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. वरचा पट्टा धुता येतो, गुंडाळीतला शेवटचा वीतभर भाग कुणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ दिसली की पुढं बोलायची गरज नसते.

टिकली आणि तंबाखू

ऊसतोड झाली की शिवारातले उंदीर आसरा शोधतात आणि उबदार बोनेट त्यांना आवडतं. हातकणंगले तालुक्यातल्या एका बागायतदाराला कुणीतरी उपाय सांगितला: निपाणीची तंबाखू. त्यानं बोनेटमध्ये पानंच्या पानं कोंबली. ब्लोअर लावताच वास आत आला आणि सगळं कुटुंब शिंकत शिंकत कोल्हापूरला पोचलं. आम्ही ती काढली ती शिंकांमुळं नव्हे. सुकं पान तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं म्हणून.

उंदरांनी तोवर एबीएसच्या सेन्सरची वायर कुरतडली होतीच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता, पण आम्हाला तो दिसेना. जवळ जाऊन बघितलं तर त्यावर टिकली. "रात्री डोळ्यावर यालता," मालक म्हणाला. दिवा लागल्यापासून त्या गाडीला एबीएस नव्हतं; जोरात ब्रेक मारला असता तर चाकं जाम होऊन गाडी घसरली असती. ओल्या रस्त्यावर तर नक्कीच.

टायरचा बिघाडही असाच दिसत नाही. विजयादशमीला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते तेव्हा लोक तिचा थाट बघतात, आमच्यासारखे टायरांकडे बघतात. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. बाजूला चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, गाडी "फक्त रविवारी" चालवलेली आणि टायर दहा वर्षांचा, अशी गाडी महामार्गावर शंभरनं पळवू नये. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली तर टायर कायद्यानंच बाद. वयाचा हिशेब मात्र मालकानंच ठेवायचा. स्टेपनीचा तर कुणीच ठेवत नाही.

टूं टूं बंद करा

गाडीनं स्वतःहून आवाज करावा अशी सोय कारखान्यानं जिथं केली, तिथं गिऱ्हाईक तो आवाज बंद करायला येतं. जॉब कार्डावर ही तक्रार मी कितीदा लिहिली असेल: सीटबेल्टचा टूं टूं बंद करणे. आम्ही नकार दिला की लोक बाजारातून नकली क्लिप आणून खोबणीत अडकवायचे. एका गाडीच्या मागच्या काचेवर 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं', आणि पुढच्या दोन्ही खोबणींत गाडीच्या कंपनीचं चिन्ह असलेल्या क्लिपा. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढायला लावल्या. तेरा हजारांवर नोंदी हटवल्या गेल्या.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे काही आठवडे आमच्याकडे वेगळीच गर्दी होती: सीट कव्हरखाली दाबलेले मागचे बेल्ट वर काढून द्या. कव्हरं बसवताना ते आत कोंबायला याच गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं.

कागद कुठून कापतात

एस्टिमेट हातात आलं की गिऱ्हाईक पेन मागतं. हेडमेस्त्रींनी पुष्कळ दिवस निरखलं: माणसं यादी खालून कापतात. वरच्या ओळींवर पॉलिश, कोटिंग, सीट कव्हर. तळाला ब्रेक ऑइल, वायपर, हेडलाइटचं सेटिंग. दर वेळी ब्रेक ऑइल कापलं जायचं आणि पॉलिश राहायचं. एक दिवस त्यांनी मला यादी उलटी लिहायला लावली. ब्रेक ऑइल पहिल्या ओळीत, मग टायर, वायपर, लाइट. पॉलिश सगळ्यात शेवटी. पेन तसंच तळापासून चालत राहिलं. आता पॉलिश जाऊ लागलं.

महिनाअखेरीला गॅरेजच्या मालकांनी पॉलिशचा धंदा का घटला म्हणून विचारलं. हेडमेस्त्रींनी पेनानं कापलेल्या एस्टिमेटची चळत पुढं ठेवली. मालकांनी ती चाळली, थोडे कुरकुरले, आणि एस्टिमेटची पुढची पुस्तकं त्याच क्रमानं छापून आणली.