जादुई अंक अढळ नाहीत

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अणुकेंद्रकात कवचाकवचांनी राहतात आणि 2, 8, 20, 28, 50 अशा ‘जादुई’ अंकांना कवच भरून केंद्रक गोल, भक्कम होते. या अंकांचे कोडे मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी 1949 मध्ये सोडवले. पण हे अंक सर्वत्र सारखे टिकत नाहीत, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मॅग्नेशियम-32. त्यात 20 न्यूट्रॉन आहेत, तेव्हा ते गोल असायला हवे. तेवढेच न्यूट्रॉन असलेल्या सिलिकॉन-34 ला स्पिन 2 च्या पहिल्या उत्तेजित अवस्थेत न्यायला सुमारे 33 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; अवघे दोन प्रोटॉन कमी असलेल्या मॅग्नेशियमला नऊ लाखांहून कमी पुरतात. एवढ्यावरून आकार बदलला म्हणणे घाईचे, ही शंका रास्त आहे. म्हणूनच जपानच्या रिकेन संस्थेतला 1995 चा प्रयोग मोलाचा ठरतो. तिथे मॅग्नेशियम-32 च्या केंद्रकांचा झोत शिशावर सोडून शिशाच्या विद्युतक्षेत्रामुळे होणारी उत्तेजना मोजली गेली. ती गोल केंद्रकात बसणारी नव्हती, लांबट केंद्रकाला साजेशी होती. प्रोटॉन घटले की त्यांची काही न्यूट्रॉनांवरची ओढ सैल पडते, कवचांमधली दरी अरुंद होते आणि न्यूट्रॉन वरच्या कवचात शिरून केंद्रकाला ताणतात. मग कवचांची कल्पनाच चुकली का? मुळीच नाही, बदलते ती दरी, आणि ती प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या प्रमाणावर ठरते.