शेपटीवरची चार इंजिनं

23 ऑक्टोबर 1989 रोजी पूर्व जर्मनीतल्या श्टॉल्न गावाजवळच्या गवताळ मैदानावर कॅप्टन हाइन्त्स-डीटर कालबाख यांनी चार इंजिनांचं इल्युशिन-62 उतरवलं. मैदानाची लांबी जेमतेम 900 मीटर. एरवी या विमानाला पक्क्या धावपट्टीवरही याच्या दुपटीहून जास्त जागा लागायची. धुळीचे लोट उडवत ते मैदानाच्या आतच थांबलं. शेजारच्या टेकडीवर 1896 मध्ये ग्लायडर उडवताना ओटो लिलिएन्थाल कोसळले होते, म्हणून विमानाला त्यांच्या पत्नीचं नाव मिळालं: ‘लेडी ॲग्नेस’. सोव्हिएत प्रवासी विमानांत मला हेच सर्वांत देखणं वाटतं.

सोव्हिएत संघाकडे 1956 पासून तुपोलेव-104 हे प्रवासी जेट होतं, पण त्याचा पल्ला तोकडा. लांबवर जाणारं तुपोलेव-114 पंख्यांवर चालायचं. ही पोकळी सेर्गेई इल्युशिन यांच्या संस्थेने इल्युशिन-62 ने भरायला घेतली. इंजिन-रचनाकार कुझ्नेत्सोव यांची इंजिनं तयार नव्हती, म्हणून 3 जानेवारी 1963 रोजी पहिलं विमान ल्युल्का यांच्या कमी ताकदीच्या इंजिनांवर उडालं. चाचण्या लांबल्या, 1965 मध्ये एक नमुना विमान कोसळलंही. 15 सप्टेंबर 1967 रोजी मॉस्को-माँट्रियल सेवा सुरू झाली. पुढे 1974 पासून सोलोव्योव यांच्या इंजिनांच्या ‘एम’ आवृत्तीने पल्ला आणखी वाढवला.

चारही इंजिनं शेपटीकडे नेल्यामुळे पंख मोकळे राहिले आणि केबिन शांत झाली. पण त्या एका निर्णयाने पुढची कितीतरी कामं लावून दिली. रिकामं विमान उभं असताना मागे कलंडायचं, म्हणून शेपटीखाली दोन छोट्या चाकांचा टेकू दिला. रिकाम्या उड्डाणासाठी पुढच्या भागात पाण्याची टाकी बसवली. आडवी शेपूट इंजिनांच्या वर, उभ्या शेपटीच्या टोकाशी गेली. नाक फार वर झालं की पंखांवरून तुटलेली हवा नेमकी तिच्यावर यायची आणि विमान सावरणं अवघड व्हायचं. त्यावर उपाय म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला एक खाच काढली. तिथे उठणारा भोवरा हवेला पंखाला धरून ठेवतो.

मला सर्वांत थक्क करते ती याची सुकाणू व्यवस्था. एवढ्या मोठ्या विमानाला हायड्रॉलिक मदत जवळपास नव्हतीच. वैमानिकाच्या हाताचा जोर दांड्यांमधून थेट शेपटीपर्यंत जायचा. बिघडायला भागच कमी, हा त्यातला शहाणा विचार.

पण ते दांडे इंजिनांच्या मधूनच जात. 14 मार्च 1980 रोजी वॉर्साजवळ पोलंडच्या लॉट कंपनीच्या विमानातल्या एका इंजिनाची टर्बाइन फुटली. तुकड्यांनी दांडे तोडले आणि 87 जण गेले. 9 मे 1987 रोजी त्याच कंपनीच्या, न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात पुन्हा तसंच घडलं. आग लागली, दांडे तुटले. वैमानिकांनी उरलेल्या ट्रिमच्या, म्हणजे नाक वर-खाली ठेवण्याच्या दुय्यम नियंत्रणाच्या आधारे विमान वॉर्साकडे वळवलं, जवळपास पोहोचवलंही. पण ते कोसळलं आणि 183 जणांपैकी कोणीच वाचलं नाही. लॉटने 1989 मध्ये अटलांटिकपार जायला बोइंग 767 घेतली. इल्युशिनच्या पुढच्या लांब पल्ल्याच्या विमानात, इल्युशिन-96 मध्ये, इंजिनं पंखांखाली आहेत.