तूप न खाता साचलेली चरबी

फ्रान्समध्ये 'फ्वा ग्रा' हा मोठ्या मानाचा पदार्थ आहे: बदकाचं किंवा हंसाचं चरबीने गच्च भरलेलं यकृत. ते तसं व्हावं म्हणून पक्ष्याच्या घशात नळी घालून दोनेक आठवडे जबरदस्तीने खाणं कोंबतात. हा प्रकार क्रूर आहे आणि बऱ्याच देशांत त्यावर बंदीही आहे. पण कोंबतात काय, तर लोणी नाही, तूप नाही, मका! तेवढ्यानं यकृत फुगून कित्येक पट होतं. आत गेलं धान्य, तयार झाली चरबी.

अंधेरी-मुलुंडमध्ये सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साचू लागली आहे, असं वाचून माणूस म्हणतो, "अहो, मी तेलकट खातच नाही, दारूला तर शिवतही नाही." तो बहुधा खरंच बोलत असतो. दिवसभरात चार गोड चहा, त्यासोबत बिस्किटं, स्टेशनबाहेर वडापाव, रात्री नऊनंतर भाताचा डोंगर आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. गरजेपेक्षा जास्त झालेल्या पिष्टाची आणि साखरेची चरबी करणं हे यकृताचं रोजचंच काम.

मुंबईतल्या रेल्वे कॉलनीत हा आजार किती आहे, ते बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. २००७ साली त्यांचा निबंध आला: सुमारे दर सहा माणसांत एक. वीस वर्षांपूर्वीची, साध्या नोकरदार कुटुंबांतली ही गोष्ट. हेच डॉक्टर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. मुंबईला ते त्या मृत्यूमुळे माहीत झाले. या कामामुळे माहीत असायला हवे होते.

"पण मी तर बारीक आहे!" त्यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण आहे. ते आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. या आकड्यांसह दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वजनकाटा आपल्याला अर्धंच सांगतो. म्हणून पोटाचा घेर मोजावा: पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, बायकांनी ८० च्या.

यकृतातली ही चरबी येते कुठून, याचा माग अमेरिकेत २००५ साली रुग्णांवर काढला गेला. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून झिरपलेली, २६ टक्के यकृतानं साखर-पिष्टापासून स्वतः बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे नुसतं तूप बंद करून भात तेवढाच ठेवला, तर फारसं काही साधत नाही.

आणि खरी नवलाई पुढेच आहे. खाणं कमी केलं की सगळ्यात आधी रिकामं होतं ते यकृतच! न्यूकॅसलमध्ये २०११ साली मधुमेही रुग्णांना अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच यकृतातली चरबी तीस टक्क्यांनी उतरली. आठ आठवड्यांत ती १२.८ वरून २.९ टक्क्यांवर आली. पँट सैल व्हायच्या आधीच आत सफाई सुरू झालेली असते. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम. घरी उपाशी राहून वजन झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. ८० किलोच्या माणसाचे चार किलो गेले की चरबी उतरते, साडेपाच-सहा गेले की सूज, आणि आठ गेले तर यकृतावर पडू लागलेले व्रणही अनेकांत मागे हटतात.

ताटात बदल फार नाहीत. भात अर्धा, उसळ दुप्पट, ज्वारीची भाकरी, काकडी, ताक. चहा बिनसाखरेचा, किंवा सरळ काळी कॉफी, जी यकृताला मानवते. घाटकोपरच्या खाऊगल्लीत जायला हरकत नाही, पण रोज नको. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चालायला जाणाऱ्यांनी बाहेर आल्यावर उसाचा रस तेवढा टाळावा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि यकृत बहुधा दुखत नाही, म्हणून तो 'ग्रेड वन'चा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरू नका.